शिवारातली नावं वहीत उतरवताना: सीमेवरच्या गावासाठी वाटाड्या

चंदगड तालुक्यात, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या आमच्या गावात सकाळी कुणालाही 'कुठं निघालास?' म्हणून विचारा. उत्तर गट नंबरात येत नाही. 'केरमाळाला', 'आडव्या वढ्याला', 'म्हसोबाच्या टेकावर' असं येतं. सातबाऱ्यावर या नावांसाठी खास रकाना आहे, त्याच्यावर 'शेताचे स्थानिक नाव' असं छापलेलंही असतं. गावातले पन्नासेक उतारे मी चाळले, तेव्हा बहुतेकांवर तो रकाना कोरा होता.

तेव्हापासून ही नावं मी लिहून काढतोय. पहिली चाळीस नावं मला पुन्हा जाऊन लिहावी लागली. कारण सोपं आहे: मी ती 'शुद्ध' करून लिहिली होती. लोक 'वढा' म्हणाले, मी 'ओढा' लिहिलं. लोक 'केरमाळ' म्हणाले, मी 'केराचा माळ' लिहिलं. वहीत आलं ते माझं मराठी, गावाचं नाव नव्हे. या सगळ्या कामात एकच गोष्ट घट्ट धरायची, नाव जसं ऐकलं तसं लिहायचं आणि ते कुणाच्या तोंडून ऐकलं तेही शेजारी लिहायचं. बाकी सगळं नंतर सुधारता येतं.

आधी शीव ठरवा

एका वेळी एकच महसुली गाव घ्या. तालुका घ्याल तर दोन महिन्यांत वही माळ्यावर जाईल. मात्र गाव म्हणजे फक्त गावठाण नव्हे. वाड्या, धनगरवाडा, गायरान, जंगलाच्या कडेची जुनी कुमरी (जंगल तोडून-जाळून केलेल्या शेतीची जागा), आणि असलंच तर बेचिराख झालेलं गाव, हे सगळं त्यात येतं. बेचिराख गावांकडे खास लक्ष द्या. तिथे माणूस राहत नाही, पण कागदावर ते गाव जिवंत असतं आणि शेजारच्या गावातल्या म्हाताऱ्यांना तिथली विहीर, देऊळ, पांढरीची (जुन्या वस्तीची) जागा नावानिशी ठाऊक असते.

शिवेच्या पलीकडचा अर्धा किलोमीटरही धरा. सीमेवरच्या गावात हे टाळता येत नाही. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची पुनर्रचना झाली, बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि त्यातला चंदगड तालुका वेगळा काढून कोल्हापुरात आला. त्याआधी ही एकाच जिल्ह्यातली शेजारची गावं होती. माहेर-सासर, गुरांच्या वाटा, बाजार, जत्रा सगळं आजही आरपार आहे. नावं तर हद्दीचा दगड बघून थांबत नाहीतच.

वेळ निवडा ती सुगी संपल्यावरची, जानेवारी ते मे. गवत वाळलेलं असतं, बांध दिसतात, माणसं जरा मोकळी असतात. पण एक फेरी ऑगस्टमध्ये मारावीच लागते. पावसाळ्यात जिवंत होणारे झरे आणि पाणी साठणारे खळगे उन्हाळ्यात दिसत नाहीत, आणि अर्धी नावं पाण्याची असतात.

कागद गोळा करा, पण त्यांच्यावर विसंबू नका

सरकारच्या महाभूलेख संकेतस्थळावरचे सातबारे, महाभूनकाशा संकेतस्थळावरचा गावनकाशा, आणि तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून मिळणारी गट नकाशाची प्रत, एवढ्यावर सुरुवात होते. त्याहून मोलाचं असतं ते जुन्या सर्व्हे नंबरचा नवा गट कोणता हे सांगणारं पत्रक. १९४७च्या तुकडेबंदी-तुकडेजोड कायद्याखाली ज्या गावांत एकत्रीकरण झालं, तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुन्या खरेदीखतात, वाटणीपत्रात जो नंबर आहे तो आज नकाशावर सापडत नाही, तो या पत्रकामुळे सापडतो. आणि शेतांची जुनी नावं बहुधा खरेदीखतांच्या चतुःसीमेतच असतात: 'पूर्वेस वढा, दक्षिणेस हाडकीचे शेत' अशी. लोकांच्या घरच्या ट्रंकेतले कागद बघायला मिळाले तर तेवढाच भाग उतरवून घ्या, रकमा आणि नावं नकोत. फार जुने कागद मोडीत असतात. मोडी वाचणारं जवळ कुणी नसेल तर मोबाइलवर स्पष्ट फोटो काढून ठेवा आणि पुढं चला, त्यापायी काम अडवू नका.

पलीकडच्या बाजूचा उतारा 'पहाणी' नावाने मिळतो, कन्नडमध्ये. तिथल्या ओळखीच्या माणसाकडून वाचून घ्या.

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,०००चे नकाशे डोंगर, ओढे, वाटा समजून घ्यायला उत्तम. पण त्यावर शिवारातली नावं जवळजवळ नसतात, आणि असली तर ती कुठल्या तरी कारकुनाच्या कानावर पडली तशी. या कागदांवरून गावकऱ्याला दुरुस्त करायला जाऊ नका. 'नकाशात तर वेगळं लिहिलंय' हे वाक्य एकदा बोललात की समोरचा म्हातारा गप्प होतो. मी हे करून बघितलंय.

विचारायची रीत

या कामाचा जीव इथे आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

'या जागेचं नाव काय?' असं विचारू नका. माणूस बुचकळ्यात पडतो, कारण त्याच्या मनात ती जागा 'नाव' म्हणून नसते. शिवाय परीक्षा घेतल्यासारखं वाटतं. कामातून विचारा. 'गुरं कुठं सोडता?' 'काल जळण कुठनं आणलंत?' 'पाऊस लई झाला की आधी कुठलं शेत बुडतं?' 'रात्री जायला भीती वाटते अशी जागा कुठली?' या शेवटच्या प्रश्नाला तर नावांची रास लागते.

एका घरच्या ओसरीवर मी नकाशा पसरून बसलो होतो. तात्यांनी तो उलटसुलट करून बघितला आणि बाजूला सारला. म्हणाले, 'असं न्हाई कळत. चल तिकडं.' पुढचे तीन तास आम्ही चाललो आणि एकोणीस नावं मिळाली. ओसरीवर मिळाली होती चार. तेव्हापासून नकाशा पिशवीत आणि माणूस पुढं, असा क्रम ठेवलाय.

कुणाला विचारायचं हेही महत्त्वाचं. आपण नेहमी पारावरच्या पुरुषांकडे जातो. त्यांना शेतं ठाऊक असतात, पण पाणवठे, करवंदीच्या जाळ्या, सरपणाच्या वाटा बायकांना ठाऊक असतात. डोंगराचा प्रत्येक खांदा धनगरवाड्यावर माहीत असतो, कारण गुरं तिथून फिरतात. आणि शीव कुठं आहे हे जुन्या काळी महार वतनदारांकडे होतं. दोन गावांत शिवेचा तंटा झाला की साक्ष त्यांची घेतली जायची. १९५८च्या कायद्याने ती वतनं गेली, पण घराघरातली आठवण राहिली आहे. 'हाडकी', 'हाडवळा' ही वतनी जमिनींची नावं तिथेच नीट उलगडतात. तसंच 'सनदी'चं शेत, गुरवकीचं शेत, देवाची पट्टी. प्रत्येक नावामागे कुणाची तरी चाकरी आहे, आणि ती चाकरी ज्याच्या घरी होती त्याला विचारल्याशिवाय नोंद अर्धीच राहते.

सुनांना वगळू नका. पलीकडच्या गावातून लग्न होऊन आलेल्या बाईला दोन्हीकडची नावं येतात. माझ्या वहीतले हद्दीजवळचे अर्धे तपशील एका काकूंचे आहेत. त्यांचं माहेर पलीकडे आणि शेत अलीकडे.

एक अडचण आधीच ओळखून ठेवा: जमिनीची विचारपूस म्हटली की लोक सावध होतात. हेरे सरंजामासारखे (जुन्या काळी इनाम दिलेल्या गावांतल्या) जमिनीचे जुने प्रश्न ज्या तालुक्याने पाहिलेत, तिथे वही-पेन घेऊन फिरणाऱ्याकडे संशयाने बघणं साहजिक आहे. 'कुणाच्या शेताची मोजणी हाय का?' हा पहिला प्रश्न येणारच. म्हणून सुरुवातीलाच सांगा, आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहूनही ठेवा: ही नोंद मालकीचा पुरावा नाही, बांधाच्या भांडणात कुणी ती वापरायची नाही. मालकाचं नाव लिहूच नका. शेताचं नाव मालकाच्या नावावरून असेल तर तेवढंच येईल, बाकी नाही.

एक नोंद कशी दिसते

माझ्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी देतो.

केरमाळ. उच्चार: 'केर्माळ', मधला र तोडून. एका आजींच्या तोंडी 'केरीचा माळ'. पलीकडच्या गावातला एक गुराखी त्यालाच 'केरे मड्डी' म्हणतो. कुठं: गावठाणाच्या ईशान्येला, पाणंद संपते तिथून दोनशे पावलं. काय आहे: मुरमाड उंचवटा, उत्तरेला बशीसारखा खोलगट भाग, पावसाळ्यात गुडघाभर पाणी, आता काजू. कोण वापरतं: वरच्या वाडीतले सगळे, खालच्या वाडीतले नुसतं 'माळ' म्हणतात. कुणी सांगितलं: सत्तरी ओलांडलेले एक शेतकरी, वर म्हटलेल्या आजी, गुराखी. कधी: मार्च, चालताना. गोष्ट: 'गावचा केर टाकायचे म्हणून केरमाळ.' शंका: केर कुणी दीड मैलावर नेऊन टाकेल का?

ही शंका लिहून ठेवली म्हणून पुढचं कळलं. कन्नडमध्ये 'केरे' म्हणजे तळं. तो बशीसारखा खोलगट भाग म्हणजे बुजलेलं तळं असावं. ऑगस्टच्या फेरीत तिथे उभं राहिलेलं पाणी बघितलं आणि जुन्या बांधाचे दगडही दिसले. पण 'केर टाकायचे' ही गोष्ट मी खोडली नाही. तीही वहीत आहे, कारण गाव आज ती सांगतं. अर्थ एका ओळीत, गोष्ट दुसऱ्या ओळीत.

एवढ्या सगळ्या रकान्यांची भीती वाटत असेल तर चारच ठेवा: ऐकलेला उच्चार, जागा, सांगणारा (वय आणि वाडी, नाव नको), तारीख. तारीख सोडली की सगळं फुकट. आणखी वीस वर्षांनी कुणाला तरी हे नाव कधीपर्यंत चालू होतं हे बघायचं असेल.

अक्षरांचा घोळ

देवनागरीत आपली नावं नीट बसतात असा आपला समज असतो. तसं नाही. 'चार'मधला च आणि 'चमचा'मधला च वेगळे, लिहितो मात्र एकच. ज, झ यांचंही तेच. नाव नवखं असेल तर वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही. म्हणून शेजारी ओळखीचा शब्द द्या: 'च, चमच्यातला'. ळ आणि ल यांत कानावर विश्वास ठेवा, नकाशावर नको. इंग्रजी नकाशावरून परत मराठीत आलेल्या नावांत ळ हटकून मेलेला असतो. कन्नड नावांत ए आणि ओ ऱ्हस्वही असतात, ते आपल्या नेहमीच्या अक्षरांत दाखवता येत नाहीत. तिथे सरळ कन्नड येणाऱ्या माणसाकडून कन्नड लिपीतच लिहून घ्या आणि फोटो चिकटवा.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे आवाज. परवानगी घेऊन मोबाइलवर नाव तीनदा म्हणायला लावा: एकदा नुसतं, एकदा 'कुठं चाललाय?'च्या उत्तरात, एकदा 'तिथून आलो' असं. 'केरमाळाला', 'केरमाळावरनं'. नावाचं लिंग आणि सामान्यरूप त्यातच कळतं, जे कुठल्याही नकाशावर येत नाही. फाइलला लगेच नाव द्या, तारीख आधी आणि जागा नंतर. संध्याकाळी घरी देऊ म्हटलं की राहिलंच समजा.

हद्दीच्या दोन्ही बाजूंनी चाला

शिवेवरच्या प्रत्येक खुणेला दोन नावं असू शकतात, हे गृहीत धरूनच निघा. एकच वढा अलीकडे देवाच्या नावाने आणि पलीकडे झाडाच्या नावाने ओळखला जातो. दोन्ही लिहा, समान आकारात, कुठलं 'खरं' हे ठरवत बसू नका. हा वाद माणसं किती जिवाला लावून घेतात हे मी नव्याने सांगायला नको. बेळगावचं अधिकृत नाव २०१४मध्ये बेळगावी झालं, तरी अलीकडच्या एसटीत बसलेला माणूस बेळगावच म्हणतो, आणि पलीकडचा कन्नड बोलणारा शेजारी त्याच्या आज्यापासून बेळगावीच म्हणत आलाय. वहीत दोघांनाही जागा आहे.

काही कन्नड शब्द कानाला ओळखीचे करून घ्या: हळ्ळ म्हणजे ओढा, होल म्हणजे शेत, गुड्ड म्हणजे डोंगर, कल्लु म्हणजे दगड, मड्डी म्हणजे खडकाळ उंचवटा, कट्टे म्हणजे पार किंवा बांध. पण हे कळायला लागलं की एक नवा रोग जडतो, प्रत्येक नावात कन्नड दिसायला लागतं. 'बावी' कन्नड, तशी 'बाव' मराठीही. दोन्ही भाषा पिढ्यान् पिढ्या एकाच आडावर पाणी भरत आल्यात, घागर कुणाची हे दर वेळी ठरवता येत नाही. ठरत नसेल तिथे 'अर्थ माहीत नाही' असं लिहायला लाजू नका.

खुणा बघताना दगडांकडे नीट बघा. शिवेवर पुष्कळदा शेंदूर फासलेला धोंडा असतो, म्हसोबा नाहीतर वेताळ म्हणून. देवळाच्या मागे आडवे पडलेले दगड वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणाचा दगड) किंवा सतीशिळा असू शकतात. गाढवाचं शिल्प असलेला दगड दिसला तर तो गद्धेगळ, दान दिलेल्या जमिनीवर अतिक्रमण करणाऱ्याला शाप देणारा. फोटो काढा, पुसू-घासू नका, तेल-शेंदूर खरवडू नका. अक्षरं असतील तर तिरप्या उन्हात, सकाळी किंवा संध्याकाळी फोटो घ्या, ती उठून दिसतात.

काय उघड करायचं, काय नाही

सगळं गोळा करा, पण सगळं नकाशावर टाकू नका. मूर्ती, वीरगळ चोरीला जातात, आणि गुप्तधनाच्या नादी लागून देवळांचे पाये खणणारे आजही आहेत. देवराईतल्या जागा, मधाची झाडं, औषधी मुळ्यांची ठिकाणं यांच्या अचूक जागा गावच्या वहीतच राहू द्या.

जातींवरून पडलेली वस्त्यांची नावं हा अवघड भाग आहे. डिसेंबर २०२०मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अशी नावं बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर यांसारखी नावं देण्याचा निर्णय घेतला. ते योग्यच झालं. आता जुनं नाव नोंदवायचं की नाही, याचा निर्णय मी त्या वस्तीवर सोडतो. आमच्याकडे एका वस्तीने सांगितलं, 'नवं नाव लिहा, जुनं नको.' दुसऱ्या वस्तीतल्या आजोबांनी उलट सांगितलं, 'लिवा की, आमच्या वाडवडलांनी काय काय सोसलं ते कळू दे.' दोन्ही वस्त्यांचं ऐकलं.

नकाशावर आणताना

इथलं तंत्र सोपं आहे. मोबाइलवर ऑफलाइन नकाशा आधीच उतरवून घ्या, कारण सीमेवर फोन घटकेत इकडचा टॉवर पकडतो आणि घटकेत तिकडचा, बऱ्याचदा कुठलाच नाही. अक्षांश-रेखांश दशांशात, पाच स्थळांपर्यंत लिहा. पाचवं स्थळ म्हणजे साधारण एक मीटर. त्यापुढचे आकडे नुसती हौस, कारण मोकळ्या माळावरही मोबाइल काही मीटर चुकतो आणि काजूच्या दाटीत आणखी. माळ, शेत, रान यांना एकच बिंदू देऊ नका. नाव कुठून सुरू होतं आणि कुठं संपतं, ते चालून चार-पाच बिंदू घ्या. बांध हीच नावाची कड असते असं नाही.

खुल्या नकाशावर टाकायचं असेल तर ओपनस्ट्रीटमॅप सोयीचा. त्यात मराठी, कन्नड, जुनं, पर्यायी अशी नावं वेगवेगळ्या रकान्यांत ठेवता येतात. गूगलच्या नकाशावरून बघून तिथे काही उतरवू नका, त्याची परवानगी नाही. स्वतः चालून आणलेलंच टाका.

आणि कागदावर छापा. रकान्यांचा तक्ता संगणकात असू द्या, पण एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेत, एक देवळाच्या कट्ट्यावर. छापताना उजवा समास चार बोटं मोकळा सोडा आणि प्रतीला दोरीने शिसपेन्सिल बांधा. आमच्या कट्ट्यावरची प्रत जत्रेनंतर परत आणली, तर समासात अकरा दुरुस्त्या आणि सात नवी नावं होती. एका ठिकाणी कुणीतरी माझं 'आडवा वढा' खोडून 'आडीवढा' लिहिलं होतं, आणि त्याखाली वेगळ्या अक्षरात: 'न्हाई, आडवाच.' दोन्ही वहीत उतरवली. पुढच्या आठवड्यात तिकडं जायचंय, वढ्याच्या वरच्या अंगाची घरं अजून विचारायची राहिलीत.